नार्नूरचा श्वास कोण मोजणार?

21 एप्रिल 2025 रोजी, नागरी सेवा दिनी, दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते उत्कृष्ट प्रशासनाचे पुरस्कार दिले गेले. आकांक्षित तालुक्यांच्या गटात तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या नार्नूरचे नाव होते. गोंड, कोलाम, आंध, लमाण यांची वस्ती, बाजारात मराठी, गोंडी आणि तेलुगू एकाच दमात बोलणारी माणसे, पलीकडे चंद्रपूर जिल्ह्याचा जिवती तालुका. एरवी खामदेवाच्या जत्रेत तोडसम घराण्यातली स्त्री तिळाचे तेल पिते, तेवढ्यापुरतेच हे गाव बातमीत येते. अशा मंडलाची (तिथे तालुक्याला मंडल म्हणतात) पाठ दिल्लीने थोपटली, याचा आनंदच आहे. गरोदर बायकांची वेळेवर नोंद, दवाखान्यातली बाळंतपणे, बीपी आणि शुगरची तपासणी, क्षयाच्या रुग्णांचे पूर्ण उपचार, अशा निर्देशांकांवर हे मूल्यमापन होते. काम झाले म्हणून कौतुक झाले, त्यात कोणी खोट काढू नये.

पण त्या निर्देशांकांत एक गोष्ट नाही. माणसाला श्वास किती घेता येतो, हे तिथे कोणी मोजत नाही.

हृदयविकाराखालोखाल या देशात सर्वाधिक माणसे मरतात ती श्वसनमार्ग कायमचा आकसणाऱ्या आजाराने, डॉक्टर ज्याला सीओपीडी म्हणतात त्याने. तो ओळखायला लागणारी तपासणी काही अवघड नाही. रुग्णाने नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून हवा घ्यायची, तोंडातल्या नळीत जोराने फुंकायचे आणि सहा सेकंद फुंकतच राहायचे. पहिल्या सेकंदाला किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती पडली, हे यंत्र सांगते. स्पायरोमेट्री ती हीच. पंधरा मिनिटांचे काम. मात्र ते जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा मोठ्या शहरात होते, आणि धाप लागलेला माणूस खेड्यात असतो.

त्याचा प्रवास ठरलेला आहे. खोकला आणि धाप म्हटली की आधी टीबीची शंका, आणि ती रास्तच. बेडका तपासला, जंतू सापडले तर सहा महिन्यांच्या गोळ्या. टीबी बरा होतो, पण अनेकदा फुफ्फुसावर वण राहतात, धाप कायम राहते. जंतू सापडले नाहीत तर ‘दमा आहे’ म्हणून इंजेक्शन आणि गोळ्या. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बाईला ‘वय झाले’ असे सांगून परत पाठवायचे. फुफ्फुसाची जाळी घट्ट होत जाणारा आजार असेल तर तो एचआरसीटी या बारकाईच्या स्कॅनशिवाय कळत नाही, आणि त्यासाठी आदिलाबादचे रिम्स हे सरकारी रुग्णालय गाठावे लागते. तिथे पोहोचेपर्यंत घरात ऑक्सिजनचे यंत्र आलेले असते. ते विजेवर चालते, आणि पावसाळ्यात लाइन गेली की सगळे घर त्या माणसाच्या ओठांच्या रंगाकडे बघत बसते.

याच तेलंगणाच्या राजधानीत, तीनशेहून अधिक किलोमीटरवर, दोन्ही फुफ्फुसे बदलण्याची शस्त्रक्रिया होते. चेन्नईबरोबर हैदराबाद हे या शस्त्रक्रियेचे देशातले ठळक केंद्र आहे. सप्टेंबर 2020 मध्ये करोना झालेल्या रुग्णाची दोन्ही फुफ्फुसे सिकंदराबादच्या किम्स रुग्णालयात डॉ. संदीप अट्टावर यांच्या चमूने बदलली. त्याआधी काही दिवस चेन्नईच्या एमजीएम हेल्थकेअरमध्ये डॉ. के. आर. बालकृष्णन यांच्या चमूने तशीच शस्त्रक्रिया केली होती. 1963 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीत डॉ. जेम्स हार्डी यांनी माणसात पहिल्यांदा फुफ्फुस बसवले तेव्हा रुग्ण 18 दिवस जगला. टोरांटोत डॉ. जोएल कूपर यांना खरे यश आले ते वीस वर्षांनी, 1983 मध्ये. आपल्या देशाने हा पल्ला गाठला ही मोठीच गोष्ट आहे. प्रश्न एवढाच, की नार्नूरचा माणूस या वाटेवर कुठे आहे?

आकडे बघा. 2023 मध्ये देशभरात मेंदूमृत्यूनंतर 1,099 जणांच्या कुटुंबांनी अवयवदान केले. त्यांतले 252 दाते एकट्या तेलंगणातले, देशात सर्वाधिक. महाराष्ट्रात 148. एवढ्या दानातून त्या वर्षी देशात फुफ्फुसाची प्रत्यारोपणे झाली 197. मूत्रपिंड किंवा यकृत बहुतेक दात्यांकडून मिळते, फुफ्फुस मिळते ते पाचांतल्या एखाद्याकडून. कारण शरीरात बाहेरच्या हवेशी थेट संबंध असलेला हा अवयव. मेंदूला जबर मार बसला की फुफ्फुसात पाणी साठू लागते. व्हेंटिलेटरच्या नळीवाटे जंतू शिरतात. बेशुद्धीत पोटातले श्वासनलिकेत जाते. दात्याचे हृदय ठणठणीत असते आणि फुफ्फुस कामातून गेलेले असते. जे चांगले असते तेही काढल्यानंतर चार ते सहा तासांत दुसऱ्या छातीत बसून त्यातून रक्त वाहू लागले पाहिजे. शिवाय रक्तगट जुळायला हवा आणि छातीचे मापही. उंच माणसाचे फुफ्फुस ठेंगण्या बाईच्या छातीत मावत नाही.

या घाईची कल्पना महाराष्ट्राला 20 नोव्हेंबर 2023 रोजी आली. पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालयातून दात्याची फुफ्फुसे घेऊन नवी मुंबईच्या अपोलोचे शल्यविशारद डॉ. संजीव जाधव पुण्याच्या विमानतळाकडे निघाले. दापोडीच्या हॅरिस पुलावर रुग्णवाहिकेचा टायर फुटला आणि गाडी कठड्यावर आदळली. डॉक्टर जखमी झाले, सोबतचेही जखमी झाले. पेटी शाबूत होती. मागून आलेल्या गाडीत पेटी घालून त्यांनी विमानतळ गाठला, खास विमानाने चेन्नईला गेले आणि अंगावर जखमा घेऊन शस्त्रक्रियेला उभे राहिले. तिथे 26 वर्षांचा तरुण कित्येक आठवडे यंत्रावर वाट पाहत होता. डॉक्टरांच्या धैर्याला सलाम करावा तेवढा थोडा.

या बातमीत आणखी एक गोष्ट होती आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. पिंपरीत मिळालेली फुफ्फुसे चेन्नईला गेली. अवयव विमानाने जातो, त्याच्यासाठी रस्ता मोकळा होतो, पोलीस सिग्नल थांबवतात. रुग्णासाठी यातले काही होत नाही. रुग्णालयातून फोन आला की त्याने दोन-तीन तासांत हजर व्हायचे असते. म्हणून यादीत नाव लागल्या दिवसापासून रुग्णालयाच्या जवळ खोली घेऊन राहायचे, सोबत घरातले निदान एक माणूस. किती महिने, ते कोणी सांगू शकत नाही. नार्नूरजवळच्या उटनूरहून बस धरून रात्रभर प्रवास करणाऱ्याला हा फोन काय कामाचा? कापूस वेचणीला आलेला असताना घरातली दोन माणसे हैदराबादला भाड्याने राहणार कशी? यादी सर्वांसाठी खुली असते. त्या यादीत टिकून राहण्याची ऐपत मात्र थोड्यांचीच.

आता पैशाचे बघू. आपल्या खासगी रुग्णालयांत या शस्त्रक्रियेला 25 ते 40 लाख लागतात. रुग्ण आधी एक्मोवर, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावर, असेल तर त्याचे बिल दिवसागणिक वाढते. सरकारी संस्थांत चंडीगडच्या पीजीआयने 2017 मध्येच हे प्रत्यारोपण करून दाखवले, तरी आजही हे काम मुख्यतः खासगी रुग्णालयांचेच आहे. याचा परिणाम काय होतो ते तामिळनाडूत दिसले. 2017 मध्ये तिथे झालेल्या फुफ्फुस प्रत्यारोपणांपैकी जवळपास एक तृतीयांश परदेशी रुग्णांची होती, आणि त्यावरून पुढच्या वर्षी मोठा गदारोळ झाला. अपघातात गेलेल्या गरिबाच्या घरच्यांनी दिलेले फुफ्फुस घ्यायला ऐपतीचा भारतीय मिळाला नाही, म्हणून ते परदेशी पाहुण्याला गेले. यात कायदा मोडला असे नाही. पण दान गरिबाने करायचे आणि लाभ पैसेवाल्याने घ्यायचा, हे फार दिवस चालले तर दान करणारे हात आखडतील.

तेलंगणाने डिसेंबर 2023 मध्ये आपल्या आरोग्यश्री या मोफत उपचार योजनेची मर्यादा कुटुंबामागे 10 लाख केली. महाराष्ट्राने 2025 मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजनेखाली महागड्या उपचारांसाठी वेगळा निधी ठेवून फुफ्फुस प्रत्यारोपणासाठी 20 लाखांपर्यंत मदत जाहीर केली. दोन्ही निर्णय स्वागतार्ह. आणि सीमेवरच्या माणसाची गंमत इथूनच सुरू होते.

1956 मध्ये भाषावार वाटणी झाली तेव्हा आदिलाबादचे राजुरा आणि किनवट तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात, आले, नार्नूर तिकडे राहिले. सोयरीक मात्र वाटली गेली नाही. मुलगी जिवतीला, बहीण किनवटला, आजारी माणूस चंद्रपूरला किंवा नागपूरला. आदिलाबादहून नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. भाषा कळते ती नागपूरच्या डॉक्टरची. पण कार्ड चालते ते हैदराबादचे. पांढरे रेशन कार्ड तेलंगणात गरिबाचे, महाराष्ट्रात तेच सधनाचे. नार्नूरचा शेतकरी ते घेऊन नागपूरला गेला तर आधी त्याला स्वतःची गरिबीच सिद्ध करत बसावे लागते. शेजारच्या केरामेरी मंडलाला लागून असलेल्या वादग्रस्त गावांत लोकांकडे दोन्ही राज्यांची रेशन कार्डे आहेत, त्यांना दोन सरकारे आहेत. बाकीच्या सीमेवरच्यांना अडचणीच्या वेळी एकही धड मिळत नाही.

केंद्राने फेब्रुवारी 2023 मध्ये एक चांगले काम केले. मरणोत्तर अवयवासाठी नाव नोंदवताना रहिवासी दाखल्याची अट काढून टाकली, नोंदणीचे शुल्क बंद करायला सांगितले, 65 वर्षांची वयोमर्यादा उठवली. म्हणजे कागदावर नार्नूरचा रुग्ण पुण्यात किंवा मुंबईत नाव नोंदवू शकतो. नंदीग्राम एक्सप्रेस आदिलाबादहून थेट मुंबईला जातेच. नाव सीमा ओलांडू शकते, पैसा ओलांडू शकत नाही. दोन राज्यांनी एकमेकांच्या योजना सीमेवरच्या रुग्णांसाठी मान्य कराव्यात, एवढी साधी गोष्ट आहे. आंतरराज्य धरणांच्या पाण्याचे हिशेब सरकारे बसून करतात, मग चार रुग्णांच्या बिलांचा करायला काय हरकत आहे?

या भागात फुफ्फुसाचा एक शत्रू असा आहे, की ज्याच्यावर उताराच नाही. आदिलाबाद हा कपाशीचा जिल्हा. निंदायला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, म्हणून पाठीवरच्या पंपाने तणनाशक मारायचे. त्यातले पॅराक्वाट पोटात गेले तर रक्तातून फुफ्फुसात जाऊन साठते. फुफ्फुसाच्या पेशी ते ओढूनच घेतात. रुग्ण पहिले काही दिवस बोलतो, चालतो, घरच्यांना वाटते वाचला. मग जाळी कडक होत जाते. जीव घुसमटतो म्हणून ऑक्सिजन द्यावा, तर या विषात ऑक्सिजनच जाळ वाढवतो, डॉक्टर हात आखडून देतात. 1968 मध्ये एडिंबरोत अशा एका पंधरा वर्षांच्या मुलाचे फुफ्फुस बदलले गेले. शरीरात उरलेल्या विषाने नवे फुफ्फुसही जाळले आणि मुलगा दोन आठवड्यांत गेला. तेव्हापासून डॉक्टर विष शरीरातून निघून जाईपर्यंत थांबतात, रुग्णाला यंत्रावर तगवून ठेवतात. 2025 च्या सुरुवातीला हैदराबादच्या यशोदा रुग्णालयाने पॅराक्वाटने फुफ्फुसे गेलेल्या तरुणावरचे प्रत्यारोपण यशस्वी झाल्याचे सांगितले. डॉक्टरांचे अभिनंदन. पण तालुक्याच्या दुकानात सहज मिळणाऱ्या बाटलीवरचा इलाज लाखो रुपयांचा, आणि तोही हजारांत एखाद्याला, हे गणित कुठल्या शहाण्या राज्याने मान्य करावे?

युरोपीय संघात हे रसायन 2007 पासून बंद आहे. चीन, ब्राझील, थायलंड यांनी ते बंद केले. दक्षिण कोरियाने बंदी घातल्यावर विषप्राशनाने होणारे मृत्यू ठळकपणे घटले, आणि शेतीचे उत्पन्न काही बुडाले नाही. आपल्याकडे 1968 च्या कीटकनाशक कायद्याच्या कलम 27 खाली राज्याला फार तर 60 दिवसांची मनाई करता येते, ती आणखी 30 दिवस वाढते. कायमचा निर्णय केंद्राच्या हाती. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. ती औषधे वेगळी होती, पण धडा तोच होता. बाटली विकणाऱ्यावर, साठा करणाऱ्यावर आणि परवाना देणाऱ्यावर नजर ठेवल्याशिवाय शेवटी डॉक्टरच्या हाती काही उरत नाही.

दुसरी बाजू दात्यांची. आदिलाबाद जिल्ह्यातून राष्ट्रीय महामार्ग 44 जातो, अपघात होतात, डोक्याला मार लागलेली तरुण मुले रिम्समध्ये येतात. 2011 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने जिथे प्रत्यारोपण होत नाही अशा रुग्णालयांनाही अवयव काढण्यापुरती नोंदणी करता येते. तेलंगणा विधानसभेने मार्च 2025 मध्ये हा सुधारित केंद्रीय कायदा स्वीकारण्याचा ठराव केला. मग जिल्ह्याच्या रुग्णालयाला या साखळीत दाता म्हणूनही जागा मिळाली पाहिजे. मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टरांचे मंडळ लागते, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी लागते, आणि त्यानंतर कोणीतरी जवळ बसून नातेवाइकांना सांगावे लागते की छाती हलते आहे ती यंत्राने, माणूस गेला आहे. हे सांगणे आपल्या भाषेत झाले पाहिजे. मराठी किंवा गोंडी बोलणाऱ्या बापाला तेलुगू-इंग्रजीत छापलेल्या कागदावर अंगठा मागायचा आणि त्याने नकार दिला की ‘आदिवासी भागात जागृती नाही’ असा शेरा मारायचा, हा अन्याय आहे. जागृती कमी आहे ती समजावणाऱ्यांची.

समजा, हे सगळे पार पडले. निदान वेळेवर झाले, पैसा उभा राहिला, फुफ्फुस मिळाले, शस्त्रक्रिया नीट झाली, रुग्ण घरी आला. इथे बातमी संपते आणि खरे काम सुरू होते. टॅक्रोलिमससारखी औषधे रोज बारा तासांच्या अंतराने, घड्याळ लावून, जन्मभर घ्यायची. रक्तातले प्रमाण तपासत राहायचे. कमी पडले तर शरीर फुफ्फुस नाकारते, जास्त झाले तर मूत्रपिंडे जातात. औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते, त्यामुळे टीबी परत डोके वर काढतो, बुरशी शिरते. चुलीच्या धुरात बसायचे नाही, बुरसटलेला कडबा हलवायचा नाही, कापसाच्या गंजीजवळ जायचे नाही. एका खोलीच्या घरात, जिथे चूल, धान्य आणि कापूस एकाच छपराखाली असतात, तिथे हे पाळायचे कसे? एवढे करूनही जगात सर्वत्र निम्मे रुग्ण सहा-सात वर्षांपलीकडे जात नाहीत. मूत्रपिंड किंवा यकृताच्या मानाने फुफ्फुस लवकर दगा देते. ही सहा-सात वर्षे मोलाची आहेत, मुलांची लग्ने, शिक्षणे त्यात होतात. पण ती मिळतात औषध चुकले नाही तरच.

म्हणून फुफ्फुस प्रत्यारोपणाचे यश शहरातल्या शस्त्रक्रियांच्या संख्येवर मोजणे बंद करावे. शस्त्रक्रिया एका रात्रीची असते. तिच्या आधीची पाच वर्षे आणि नंतरची सात वर्षे गावात काढायची असतात, आणि सरकारची तिजोरी उघडते ती फक्त त्या एका रात्रीसाठी. करायला हवे ते फार अवघड नाही. उटनूर आणि नार्नूरच्या सरकारी दवाखान्यांत स्पायरोमीटर द्या, तो चालवणारा माणूस द्या. टीबीचे औषध संपलेल्या प्रत्येक रुग्णाला पुढे दोन वर्षे वर्षातून एकदा त्यात फुंकायला लावा. ज्याची फुफ्फुसे खालावत आहेत त्याला रिम्सने ऑक्सिजनचे यंत्र देऊन घरी बसवू नये, वेळ असतानाच हैदराबाद किंवा नागपूरला पाठवावे. यादीतल्या रुग्णाच्या मुक्कामाची सोय आयटीडीए या सरकारी आदिवासी विकास यंत्रणेने करावी. आदिवासी मुलांसाठी वसतिगृहे चालवणाऱ्या यंत्रणेला चार खोल्या जड नाहीत. दोन्ही राज्यांनी सीमेवरच्या रुग्णासाठी एकमेकांचे कार्ड मानावे. केंद्राने पॅराक्वाटची नोंदणी रद्द करावी.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. योजनेत औषधे मंजूर असणे आणि ती महिन्याच्या पहिल्या तारखेला उटनूरच्या दवाखान्यात हातात पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार डोस चुकले तर वीस लाखांचे फुफ्फुस आणि एका कुटुंबाने दुःखात केलेले दान, दोन्ही वाया जातात. ही जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची, त्याचे नाव दोन्ही सरकारांनी आधी जाहीर करावे. योजनांच्या रकमांच्या जाहिराती त्यानंतर कराव्यात.